शेव्हेल एसएस ४५४ : पैसे देण्याआधी इंजिन बघा
एकाने विचारलंय की शेवरोलेच्या १९७० च्या दोन शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे शेव्हेलचं स्पोर्टी पॅकेज) दिसायला सेम, मग किंमतीत एवढा फरक का. अहो सगळा खेळ इंजिनचा आहे. एलएस५ नावाच्या इंजिनला ३६० हॉर्सपॉवर आणि एलएस६ ला ४५०, दोन्ही ७.४ लिटरच, पण एलएस६ मध्ये सॉलिड लिफ्टर्स (व्हॉल्व्ह उचलणारे भाग), ११.२५ पट कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण तेवढं दाबलं जातं), वर होली कंपनीचा मोठा कार्ब्युरेटर, आणि काउल इंडक्शन घेतलं असेल तर फुल थ्रॉटल दिला की बॉनेटच्या मागची झडप उघडून थंड हवा ओढते, काय भारी प्रकार आहे तो! १९७१ पासून शेवरोलेची मालक कंपनी जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं आणि ती मजाच गेली.

एलएस६ वाल्या गाड्या साधारण साडेचार हजारच बनल्या, म्हणून नकली भरपूर. १९७० च्या प्लिमथ-डॉज गाड्यांच्या व्हिनमध्ये (गाडीच्या ओळख नंबरात) पाचवं अक्षर आर म्हणजे त्यांचं तगडं हेमी इंजिन, विषय संपला, पण १९७० च्या शेव्हेलच्या व्हिनवरून नेमकं इंजिन तर सोडाच, एसएस आहे का तेही कळत नाही. त्यामुळे पेट्रोल टाकीवर चिकटलेली ओरिजिनल बिल्ड शीट (कारखान्यात गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद) मिळाली तर सोनंच. नाहीतर इंजिनच्या पुढच्या पॅडवर (सपाट जागेवर) ठोकलेला कोड बघा, एलएस६ असेल तर मॅन्युअल गिअरला सीआरव्ही, ऑटोमॅटिकला सीआरआर, आणि शेजारचा नंबर गाडीच्या व्हिनशी जुळतो का तेही. नुसत्या पट्ट्या आणि बॅज बघून पैसे देऊ नका प्लीज, ते कुणीही लावतं.