५०० मिमीला लेन्स मान टाकते, बॉल हेड कुठलं घ्यावं?

सडाफूल_सातारा

नमस्कार मंडळी, दोन महिने झाले बॉल हेडबद्दल, म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या, कॅमेरा गोळ्यावर फिरवून घट्ट करायच्या भागाबद्दल वाचतोय आणि जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथं विचारतो. कॅमेरा निकॉन डी७५००, लँडस्केपला सिग्माची १०-२० मिमी लेन्स, आणि दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली निकॉनची २००-५०० मिमी. राहायला साताऱ्यात, त्यामुळं पावसाळ्यात आणि नंतर कास, ठोसेघर, चाळकेवाडीचं पठार हे ठरलेलं, थंडीत मात्र पक्षी, म्हणजे मायणी, जमलं तर भिगवण.

आत्ता ट्रायपॉडसोबत आलेलं साधं हेड वापरतोय. त्याच्या डब्यावर ८ किलो लिहिलंय. माझी लेन्स आणि बॉडी मिळून ३ किलो भरते, म्हणजे हिशोबानं आरामात पेलायला पाहिजे ना? पण पठारावर दगडावर बसलेला चंडोल बरोबर मधोमध घेतो, नॉब पिळून पिळून घट्ट करतो आणि हात सोडला की लेन्स हळूच मान टाकते, पक्षी फ्रेमच्या वरच्या कडेला जाऊन बसतो. मग परत ढिलं करा, थोडं वर धरा, परत पिळा, तोवर चंडोल उडालेला असतो. १०-२० लावली की हाच प्रकार अजिबात जाणवत नाही, हे मला कळत नाहीये.

बजेट १५ हजारापर्यंत आहे, फार तर थोडं वर जाईन. कुणी म्हणतं ३६ मिमीचा बॉल पुरे, कुणी म्हणतं ४४ च्या खाली बघू नको, कुणी म्हणतं बॉल हेडच नको, गिंबल (लेन्स टांगून फिरवायचं हेड) घे. दोन्ही कामं एका हेडवर होतील का तेवढं सांगा. आणि २५ किलो, ३० किलो असे आकडे असतात त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?

कडेलोट_नाही

आधी तुमच्या १०-२० च्या कोड्याचं उत्तर देतो कारण त्यातच सगळं आहे. तुमच्या बॉडीचा सेन्सर साधारण १५.७ मिमी उंच आहे. ५०० मिमीला त्यात वरपासून खालपर्यंत मिळून जेमतेम १.८ अंशाचा तुकडा दिसतो. हेड लॉक केल्यावर अर्धा अंश जरी खाली बसलं तरी पाव फ्रेमपेक्षा जास्त सरकलं. तेच १० मिमीला उभ्या दिशेत ७६ अंश दिसतात, त्यात अर्धा अंश कुणाच्या डोळ्यात भरणार? म्हणजे १०-२० हलकी आणि आखूड असल्यानं हेड बसतं कमी, आणि जे बसतं तेही दिसत नाही, लांब लेन्स मात्र लगेच दाखवते.

आता किलोचे आकडे. हे आकडे मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली एक पद्धत नाहीये, जो तो आपल्या पद्धतीनं मोजून छापतो, त्यामुळं एका कंपनीच्या २५ ची दुसरीच्या १५ शी तुलना करू नका. आणि वजन बरोब्बर बॉलच्या डोक्यावर उभं असेल तर बॉलला काहीच त्रास नसतो, त्रास होतो तो वजन एका बाजूला कललं की. पाण्याचा हंडा डोक्यावर सरळ आहे तोवर चालता येतं, जरा कलला की मानेला कळतं, तसंच. तुमची लेन्स २०० वरून ५०० ला नेली की नळी पुढं येते आणि वजनही पुढं सरकतं, म्हणजे २०० ला नीट तोललेली लेन्स ५०० ला नाक खाली करणारच.

बॉलचा व्यास महत्त्वाचा तो एवढ्यासाठी की पकड बॉलच्या पृष्ठभागावर असते. व्यास जास्त म्हणजे तेवढ्याच आवळण्यात वळण अडवायची ताकद जास्त. ३६ वर ३ किलोची लांब लेन्स राहते, नाही असं नाही, पण नॉब दर वेळी जीव खाऊन पिळायला लागतो. तुमच्या लेन्सला ४० च्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत, ४४ मिळालं तर उत्तम. ५५ मिमीवाली हेडं दणकट असतात पण ती पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं चढून बघा, मग ठरवा.

दुसरी गोष्ट, लॉकच्या नॉबपेक्षा वेगळा टेन्शनचा नॉब पाहिजेच पाहिजे. तो एकदा तुमच्या लेन्सच्या वजनाला सेट केला की मुख्य नॉब पूर्ण ढिला केला तरी लेन्स धाडकन पडत नाही, जडसर फिरते. सिरुईच्या के सिरीजमध्ये तो मोठ्या नॉबच्या पोटात बसवलेला असतो, आतली छोटी चकती फिरवायची. तळाचं पॅनिंगचं, म्हणजे डावं-उजवं फिरण्याचं, लॉकही वेगळं हवं. हे नसलेलं हेड स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

खंड्या_भीमाकाठचा

वरच्या दादांनी टेन्शनचं सांगितलं ते अगदी खरं, मी ते न ऐकल्याची किंमत मोजलीये म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी उजनीच्या काठावर पहाटे फ्लेमिंगोंसाठी ट्रायपॉड लावून बसलो होतो, बॉल हेड, त्यावर १५०-६००. थवा उठला, मी गडबडीत नॉब ढिला केला आणि डावा हात लेन्सखाली नव्हता. लेन्स एका झटक्यात पुढं झुकली, अंगठा लेन्सखालची प्लेट आणि हेडच्या मध्ये सापडला, आणि वजन पायांच्या बाहेर गेल्यामुळं अख्खा ट्रायपॉड पुढं गेला. चिखल होता म्हणून लेन्स वाचली, हूड तडकलं, अंगठ्याचं नख महिनाभर काळं. ट्रायपॉडचा एक पाय नेहमी लेन्सच्या रोखानं पुढं ठेवायचा हे मी त्या दिवसापासून एकदाही विसरलेलो नाही. आणि लॉक लागल्याची खात्री होईपर्यंत लेन्सखालचा हात काढायचा नाही.

माझं मत असं की बसलेल्या पक्ष्याला बॉल हेड चालतं, उडत्या पक्ष्याला नाही. बॉल हेडवर सगळं वजन बॉलच्या वर असतं, ते कुठंही पडायला बघतं. गिंबलमध्ये लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते, फिरायचा आस वजनाच्या मध्यातूनच जातो, त्यामुळं नीट तोलली तर दोन बोटांनी हलते आणि सोडाल तिथं थांबते. कमरेइतक्या उंचीवर बसून बदकांचा थवा वळताना धरायचा असेल तर त्याला पर्याय नाही. पण पूर्ण गिंबल जड असतं, विंबर्लीचंच जवळपास १.४ किलो आहे, आणि त्यावर लँडस्केप होत नाही.

मधला मार्ग म्हणून साइडकिकसारखी वस्तू असते, बॉल हेडच्याच क्लॅम्पमध्ये (प्लेट पकडणाऱ्या जबड्यात) बसवायची, बॉल कडेच्या खाचेत आडवा पाडायचा आणि वर-खाली फिरायचं काम ती करते, डावं-उजवं तळाच्या पॅनिंगवर. पण त्यासाठी खालचं बॉल हेड चांगलं लागतं आणि पॅनिंग लोण्यासारखं पाहिजे. म्हणून मी म्हणेन आत्ता सगळे पैसे एका चांगल्या ४४ च्या बॉल हेडमध्ये घाला, गिंबलचं पुढच्या थंडीत बघा.

भिगवणला बोटीत मात्र यातलं काही नेऊ नका. बोटीचा प्रत्येक हेलकावा आणि शेजारच्याची प्रत्येक हालचाल ट्रायपॉडच्या पायातून थेट लेन्समध्ये येते. हातात धरा नाहीतर कडेवर बीन बॅग टाका. ताडोब्यातही जिप्सीत बीन बॅगच, ती रिकामी न्यायची आणि तिथं जाऊन तांदूळ भरायचे, येताना वजन नको.

गवा_आणि_धुकं

मी कोल्हापूरची, राधानगरीच्या बाजूला जास्त जाते, आणि गणेशगुडीला दरवर्षी, तिथं पाण्याच्या जागेसमोर तासन् तास लेन्स ट्रायपॉडवरच असते. सगळे बॉलबद्दल बोलले, मी क्लॅम्प आणि प्लेटबद्दल बोलते, कारण माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

क्लॅम्प आर्का पद्धतीचाच, म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या प्लेटा घेणारा, घ्या. एका कंपनीपुरती चालणारी प्लेट घेतलीत की पुढं प्रत्येक लेन्सला तीच घेत बसाल. आता आर्का सगळे म्हणतात खरं, पण खाचेचं माप कंपनीगणिक केसभर कमी-जास्त असतं, म्हणून लिव्हरवाल्या क्लॅम्पमध्ये दुसऱ्याची प्लेट कधी ढिली बसते, कधी लिव्हर बंदच होत नाही. स्क्रू नॉबवाला क्लॅम्प हळू आहे पण जे येईल ते आवळतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटा असतील तर स्क्रूवालाच बरा.

दादा, तुमच्या २००-५०० च्या फूटला (लेन्सखालच्या, ट्रायपॉडला बसवायच्या पायाला) प्लेट कुठली लावलीये? ट्रायपॉडसोबत आलेली छोटी चौकोनी, वर रबर किंवा कॉर्क असलेली, तीच असेल तर आधी ती बघा. ते रबर दबतं. हेड घट्ट राहतं आणि लेन्स रबरावर बसते, तुम्ही बिचाऱ्या बॉलला दोष देता. फूटला १०-१२ सेंटीमीटर लांबीची, धातूवर धातू बसणारी प्लेट लावा, म्हणजे ५०० ला असताना लेन्स मागं सरकवून तोल साधता येतो. तोल साधला की मानेचा निम्मा प्रश्न सुटतो.

लँडस्केपला बॉडीवर एल ब्रॅकेट, म्हणजे कॅमेरा उभाही लावता येईल अशी एल आकाराची प्लेट घ्या, नाहीतर उभ्या फ्रेमसाठी बॉल कडेच्या खाचेत पाडला की सगळं वजन बाहेर लटकतं आणि चाळकेवाडीच्या वाऱ्यात ते थरथरतंच, पवनचक्क्या तिथं उगाच नाही लावल्या. ट्रायपॉडची मधली नळी वर काढू नका. आणि बॉलला तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही, पकड कोरड्या घर्षणावर असते, सड्यावरची लाल धूळ बसली तर कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, बस.

कडेलोट_नाही

ताईंनी प्लेटचं सांगितलं ते माझ्याकडून राहूनच गेलं होतं, बरोबर आहे. सडाफूल, घरीच तपासून बघा, पैसे लागत नाहीत. लेन्स ५०० ला, लांबच्या एखाद्या टाकीच्या कडेवर फ्रेमचा मध्य, लाइव्ह व्ह्यू मोठा करून लॉक करा, हात सोडा, किती खाली बसलं बघा. मग एक बोट प्लेट आणि फूटच्या जोडावर ठेवून लेन्सचं टोक हळूच वर-खाली करा, जोड हलत असेल तर बोटाला कळतं. तसंच बोट हेड आणि पायांच्या जोडावर.

सडाफूल_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी गच्चीवर करून बघितलं. लॉक करून हात सोडला की जवळपास पाव फ्रेम खाली. बोट लावलं तर ताई म्हणाल्या तेच, छोटी चौकोनी प्लेट, वर रबर, आणि स्क्रू पण ढिला झालेला. नाण्यानं होईल तेवढा आवळला, तर बसणं निम्म्यावर आलं. उरलेलं बॉलचंच आहे, कारण नॉब सगळा पिळूनही लेन्सचं टोक दाबलं की बॉल सरकताना दिसतोय.

त्यामुळं आता ठरवलंय की लांब प्लेट आधी, ती आजच मागवली. हेडसाठी शनिवारी पुण्याला दुकानात जातोय, २००-५०० सोबत घेऊन, ४० आणि ४४ दोन्ही तिथंच लावून बघणार, टेन्शनचा नॉब वेगळा आणि क्लॅम्प स्क्रूवाला असेल तरच. एकच विचारायचं राहिलं, दुकानात तपासताना ५०० ला तेवढं लांब बघायला जागा नसेल तर काय करू?

खंड्या_भीमाकाठचा

दुकानाच्या दारात लावा आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं एक अक्षर धरा, तेवढं पुरतं. पण घाई करू नका. लॉक केल्यावर पाच मिनिटं लेन्स तशीच राहू द्या आणि मग परत बघा, काही हेडं हात सोडल्याबरोबर बसत नाहीत, हळूहळू उतरतात, आणि तुम्हाला ठोसेघरला धबधब्याचं ३० सेकंदांचं एक्सपोजर द्यायचं असेल तेव्हा तेच नडतं. तोवर हात लेन्सखाली.