बाळाच्या फिट्सने मेंदूच्या पेशी मरतात का?

मावशी८४: बहिणीच्या बाळाला तिसऱ्या दिवशी फिट आली, म्हणजे झटके असे नाहीच, नुसतं तोंड चपचप आणि एक पाय सायकल मारल्यासारखा, नर्सच्या लक्षात आलं म्हणून बरं. फेनोबार्ब (फिट थांबवायचं औषध) चालू आहे तरी अधूनमधून येतायत. पेशी मरतात का हो यात? आणि औषध लागू का पडत नाही?

उंदीरवाला: लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही हां. मोठ्यांच्या मेंदूत गाबा हे रसायन म्हणजे ब्रेक, पण नवजात पेशीत क्लोराइड जास्त साठलेलं असतं, ते आत ओढणारा वाहक (पेशीच्या पडद्यातलं प्रथिन) एनकेसीसी१ जोरात आणि बाहेर काढणारा केसीसी२ अजून धड आलेलाच नसतो, त्यामुळे गाबा रिसेप्टरचं, म्हणजे गाबा पेशीवर जिथे बसतं त्याचं, दार उघडलं की क्लोराइड बाहेर पळतं नि पेशी उलट पेटू शकते. फेनोबार्ब त्याच रिसेप्टरवर चालतं, म्हणून कधीकधी हात टेकतं. पेशी म्हणाल तर उंदरांच्या पिल्लांत त्या मोठ्या उंदरांपेक्षा चिवट, मरतात कमी. पण रिसेप्टरची जुळणी बदलते आणि पुढे शिकण्यात फरक दिसतो. अर्थात उंदीर तो उंदीर.

मावशी८४: मग तो एनकेसीसी१ च बंद केला तर?

रात्रपाळी: एनकेसीसी१ बंद करणारं औषध आहे, ब्युमेटॅनाइड. नवजात बाळांच्या फिट्ससाठी युरोपात ट्रायल झाली, २०१५ ला निकाल छापून आला, फायदा दिसला नाही वर काही बाळांच्या कानावर परिणाम, मध्येच थांबवली. तुम्ही ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) सतत चालू आहे का विचारा, औषधानंतर कधीकधी पाय हलायचा थांबतो आणि ईईजीच्या पट्टीवर फिट चालूच असते.