हंगेरीचा गुस्ताव शेबेश: कोच की सरकारी अधिकारी?

कोथरूडकर: रविवारी एसपी कॉलेजच्या मैदानावर १९५० च्या दशकातल्या हंगेरीच्या फुटबॉल टीमवरून वाद झाला. तिचा कोच शेबेशला टीम आयती मिळाली, कारण सगळं सरकारच्याच हातात, असं एकाचं म्हणणं. खरंय का?

खडकीवाला: अर्धंच खरं. तो क्रीडा खात्याचा उपमंत्रीच होता, त्यामुळे खेळाडू गोळा करणं सोपं. किशपेश्ट क्लब सैन्याकडे जाऊन होनवेद झाला. पुश्काश, बोझिक हे स्टार खेळाडू तिथलेच. कोचिश आणि बुदाई फेरेन्तस्वारोश क्लबमधून आणले. आपल्या खडकीच्या बीईजीत, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत, पोरं भरती होतात तसं समजा, फक्त तिथे नाही म्हणायची सोय नव्हती! फायदा हा की आठवडाभर एकत्र खेळणारेच बरेचजण देशासाठीही एकत्र खेळायचे.

पेठेतला: पण तयारी शेबेशचीच. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडशी मॅच होती, त्याआधी इंग्लंडचे जड चेंडू आणून, तेवढ्याच मापाच्या मैदानावर सराव घेतला. हिदेगकुटी सगळ्यात पुढच्या स्ट्रायकरचा ९ नंबर घालून मागे, मिडफिल्डमध्ये उतरायचा. इंग्लंडचा मधला डिफेंडर जॉन्स्टन त्याच्यामागे गेला तर मध्ये भगदाड, जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. २५ नोव्हेंबर १९५३, हंगेरी ६-३ जिंकली. हिदेगकुटीचे ३ गोल.

खडकीवाला: आणि किंमतही सरकारीच. बर्नला १९५४च्या वर्ल्ड कपची फायनल ३-२ हरले. गटात ज्या पश्चिम जर्मनीला ८-३ धुतलं, तिच्याकडूनच! पुश्काशचा घोटा दुखावलेला, तरी खेळवला. माझ्या मते चूकच. गोलकीपर ग्रोशिचवर पुढे सरकारने हेरगिरीचा संशय घेतला, आणि १९५६ मध्ये शेबेशच्या हातून टीम गेली.

कोथरूडकर: जॉन्स्टनचा मुद्दा पटला. रविवारी सांगतो त्याला.