थरथरीचे पैसे

‘स्वतः एकही फोन न बनवणारी कंपनी नुसत्या थरथरीचे पैसे कसले मागते?’ हा प्रश्न इमर्शन या कंपनीबद्दल; फोन आणि गेमचे कंट्रोलर हातात थरथरतात त्या तंत्राची पेटंटं तिच्याकडे. त्यावर थोडी भर. ही थरथर आणणारी मोटर म्हणजे काय, दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेलं; ती कुणालाही विकत मिळते. पैसे असतात ते ती कधी, किती जोरात हलवायची या पेटंटचे.

इमर्शनने २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर, त्यांच्या गेम कंट्रोलरच्या थरथरीवरून, पेटंटचा दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी मिटवून टाकलं, सोनी अडून बसली. २००६ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन ३ हे गेमयंत्र आलं तर कंट्रोलर हातात अगदी मुका, थरथरच नाही! म्हणे, थरथरीने हालचालीच्या सेन्सरला अडथळा होतो (पटलं कुणाला?). २००७ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी ड्युअलशॉक ३ या नव्या कंट्रोलरमध्ये थरथर परत आली.