बांगलादेश सरकारला रोहिंग्यांच्या बाबतीत नेमकं काय साधायचंय?

प्रश्न
ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारच्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात आले. सरकारने त्यांना आसरा दिला, वनखात्याची जमीन दिली. मग त्याच सरकारने छावण्यांभोवती काटेरी कुंपण का घातलं? बाहेर कामाला बंदी का? मला याची संगती लागत नाही. तिकडे कुणी काम केलंय का?

प्रतिसाद
मी केलंय. कुतुपालोंगच्या मोठ्या छावणीत, घरं उभारायच्या कामावर होतो. संगती आहे, आणि मला ती बांबूत दिसली. घर बांधायचं ते बांबू-ताडपत्रीचंच, वीट-सिमेंटचं पक्कं घर सरकारला चालत नाही. पण जमिनीत पुरलेलं बांबूचं टोक वर्षभरात कुजतं, वरून भुंगे पोखरतात. एका म्हातारीने खांबावर थाप मारून दाखवली, तर तिच्या पायावर पिवळी भुकटी सांडली. पुढे बांबू बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून वापरायला लागलो, तेव्हा जरा टिकायला लागले.

सरकारचा हेतू एकच: हे लोक परत गेले पाहिजेत. म्हणून कागदोपत्री ते 'निर्वासित' नाहीत, 'बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' आहेत. १९५१ च्या निर्वासित करारावर बांगलादेशची सही नाही. पक्कं घर, मजुरी, बंगाली शाळा, हे दिलं की माणूस इथेच मुळं धरेल, ही धास्ती.

प्रतिसाद (दुसरा वाचक)
पण परत गेलं कोण? नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९, दोन्ही वेळा तयारी झाली, एकही माणूस निघाला नाही. म्यानमारकडून नागरिकत्वाची हमी नसताना कोण जाईल? आणि छावण्या आहेत त्या उखिया-टेकनाफ भागातल्या स्थानिक गरिबांनी किती सोसायचं? त्यांची मजुरी पडली, डोंगर उघडे झाले.

प्रतिसाद (कुतुपालोंगवाला)
त्यांचं दुखणं खरंच आहे. सरपणासाठी झाडं जाताना मी पाहिलीत. २०१८ पासून गॅस सिलिंडर मिळायला लागले तेव्हा ती तोड कमी झाली. परत पाठवण्याचा हेतूही मला चुकीचा वाटत नाही, रोहिंग्यांनाही घरीच जायचंय. पण 'तात्पुरतं' म्हणजे किडकं, असं का? मार्च २०२१ मध्ये छावणीला आग लागली तेव्हा माणसं त्याच काटेरी कुंपणाशी अडली.

उलट परत जायचंय म्हणूनच मुलं शिकली पाहिजेत. जानेवारी २०२० मध्ये सरकारने छावण्यांत म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवायला मान्यता दिली. मला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

प्रश्नकर्ता
शिकवतं कोण?

प्रतिसाद (कुतुपालोंगवाला)
बर्मी भाषा छावणीतलेच रोहिंग्या शिकवतात, इंग्रजीला २०२५ पर्यंत बहुतेक आसपासच्या गावांतले बांगलादेशी शिक्षक होते. वर्ग बांबूचेच.