सेंट बर्नार्डला घरी अंघोळ: बोअरचं जड पाणी आणि दाट केस

लातूर_गावभाग
सेंट बर्नार्ड, नर, ६८ किलो. पाणी बोअरचं, शाम्पूला फेसच येत नाही. अंघोळीनंतर दोन-तीन दिवसांत अंगाला कुबट वास सुटतो आणि मांडीवर लाल, चिकट चट्टा उठतो. पाणी किती लागतं, क्रम काय ठेवायचा? उन्हाळ्यात केस मशीननं उतरवले तर चालतील का?

मोती_परभणी
वास आणि चट्टा, दोन्हींचं मूळ बहुधा एकच: वरचे केस वाळलेले दिसतात, पण आतली लोकर ओलीच राहते. त्यात शाम्पूचा अंश राहिला की खाज सुटते, कुत्रा चाटत बसतो आणि कातडी सोलवटते. सध्या चट्टा असेल तर अंघोळ थांबवा, आधी डॉक्टरांना दाखवा.

निम्मं काम पाणी घेण्याआधीच होतं. कोरड्या अंगावर अंडरकोट रेक (आतली सुटी लोकर ओढून काढणारी लांब दातांची फणी) फिरवा, मग लोखंडी फणी. फणी कातडीपर्यंत अडखळत नाही तोवर पुढं जाऊ नका. कानामागं, काखेत, मांड्यांच्या मागं जटा असतात. पाणी लागलं की त्या आवळतात आणि आतून वाळत नाहीत. जट कापायचीच असेल तर कातडी आणि कात्री यांच्या मध्ये फणी धरा, नाहीतर कातडी कापली जाते.

फरशीवर गोणपाट किंवा रबरी मॅट अंथरा. पाय सटकला की एवढं वजनदार कुत्रं घाबरतं, पुढच्या वेळी मोरीत पाऊलच टाकत नाही. कानात कापसाचा सैल बोळा ठेवा. पाणी कोमट, मनगटाला ऊनही नाही नि गारही नाही असं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरची टाकी आणि उन्हात पडलेला पाईप यांतलं पाणी चटका देतं. सुरुवातीचं सोडून द्या.

मगानं ओतलं तर साधारण ८०-१०० लिटर धरा. नुसतं भिजवायलाच पाच-दहा मिनिटं जातात, कारण आतली लोकर पाणी वरच्यावर झटकते. बोटांनी केस फाकवून पाणी कातडीपर्यंत पोचवा. शाम्पू कुत्र्याचाच घ्या, माणसाचा त्यांच्या कातडीला मानवत नाही. एका भागाला दहा भाग पाणी घालून बाटलीत हलवा, म्हणजे तो आतपर्यंत पसरतो आणि लवकर निघतोही. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, म्हणजे पाणी लागताच पिसवा कानाकडं पळत नाहीत. मग पाठ, पोट, पाय, शेपूट. तोंड शेवटी, ओल्या फडक्यानं. ओठांच्या आणि गळ्याच्या घड्या लाळेनं कायम ओल्या असतात, त्या रोज पुसाव्या लागतात.

धुण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट खळखळून काढायला द्या. मग टॉवेल चोळू नका, दाबून पाणी टिपा. त्यानंतर ब्लोअर, गार किंवा कोमट हवेवर, केस फाकवत. माणसाच्या हेअर ड्रायरची गरम हवा एका जागी धरली तर भाजतं. सकाळीच उरका, पावसाळ्यात ढगाळ दिवशी टाळलेलंच बरं.

मशीन लावू नका. आतला थर विंचरून काढला की वारा लागतो, वरचे केस उन्हापासून कातडी राखतात. पांढऱ्या भागाची कातडी फिकी असते, ती लवकर करपते. भादरल्यावर केस पुन्हा नीट येतीलच असंही नाही. पंजाच्या गाद्यांमधले तेवढे कापा. पावसाळा सरल्यावर कुसळंही तिथंच घुसतात.

बीड_शेतवस्ती
जड पाण्यात शाम्पूचा चोथा होऊन केसांना चिकटतो, म्हणून फेस येत नाही. अख्खी अंघोळ गोड्या पाण्यानं घालायची गरज नाही. शाम्पू गोड्या पाण्यात कालवा आणि शेवटची बादली गोड्या पाण्याची ठेवा; पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी त्याला उत्तम. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार अजून जास्त असतात. पाणी वाचवायला फवारणीचा हातपंप चालतो, पण कोराच हवा. ज्यात एकदा औषध कालवलं तो कितीही धुतला तरी कुत्र्याला लावू नका.

लातूर_गावभाग
दादा, गोचिडासाठी बैलांचं औषध पाण्यात टाकून धुतात इकडं. चालेल का? घरात मांजर पण आहे.

मोती_परभणी
नको. जनावरांच्या गोचिडावरच्या डेल्टामेथ्रिन या औषधाचं प्रमाण अंदाजानं घेतलं की कुत्र्याला विषबाधा होते, आणि हे तर अंग चाटतं. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणं औषध घ्या. मानेवर थेंब सोडायचं औषध दिलं तर सहसा दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नको. मांजर आहे हे त्यांना आवर्जून सांगा: परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेततं, कुत्र्याच्या ओल्या केसांना अंग घासलं तरीही. गोचीड निघाल्यावर कुत्र्याला ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा, तो गोचीड ताप असू शकतो.