एकदा देणगी दिलेली माणसं जोडून कशी ठेवायची? मदत हवी आहे

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आम्ही ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. आई-बाप कारखान्यावर गेले की मार्च-एप्रिलपर्यंत मुलं आमच्याकडे. गेल्या हंगामात ६४ जणांनी देणगी दिली, बहुतेक आपल्याच भागातले, आता पुण्या-मुंबईत नोकरीला. यंदा त्यातले ११ जणच परत आले.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती ८०जीची नोंदणी आहे, पावती आणि त्या सवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र सगळ्यांना वेळेवर दिलं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तर निम्मे बाहेर पडले. मग वीसेक जणांना फोन केले. माणसं आपुलकीनं बोलतात, गावाकडच्या पावसाची चौकशी करतात. पण पैशाचा विषय निघाला की आवाज बदलतो. वर्षभर काही कळवलं नाही आणि गरज पडल्यावर फोन केला, ही चूक आमचीच, असं मला वाटतं.

आम्ही दोघंच हे बघतो, हिशेब एक्सेलमध्ये. मुलांचे चेहरे दाखवून दया मागायची नाही, हे पक्कं आहे.

ज्यांनी प्रत्यक्ष हे केलंय त्यांनी सांगावं: दोन देणग्यांच्या मधल्या काळात किती वेळा आणि काय कळवता? गळालेल्या ५३ जणांशी पुन्हा बोलताना पहिल्याच फोनवर पैशाचं काढावं की नाही?